नागपूरहून शारजाला न गेलेल्या मेंढ्या

जून २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या विमानतळाची बातमी देशभर गाजली होती, आठवतं का? ३० जूनला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जिवंत शेळ्यामेंढ्यांचं पहिलं विमान शारजाला जायचं होतं. पहिल्या खेपेत दोनेक हजार जनावरं, आणि पुढच्या तीन महिन्यांत लाखभर, असे आकडे बातम्यांत येत होते. कार्यक्रमाला नितीन गडकरी, सुरेश प्रभू आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची नावं होती. धनगर समाजाचे नेते आणि तेव्हाचे राज्यसभा खासदार डॉ. विकास महात्मे यांनी हा विषय लावून धरला होता. धनगराच्या मेंढीला आखाती देशांतला भाव मिळेल, मधले दलाल कमी होतील, असा त्यांचा मुद्दा होता.

आणि मग जैन समाज आणि प्राणीप्रेमी संघटना रस्त्यावर उतरल्या. निवेदनं गेली, थेट पंतप्रधानांपर्यंत. कार्यक्रमाच्या तोंडावर विमान पुढे ढकललं गेलं. एका बाजूने 'जीवदयेचा विजय' झाला, दुसऱ्या बाजूने 'गरीब मेंढपाळावर अन्याय' झाला, आणि आठवड्याभरात सगळे विसरले.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. नागपूर आम्हाला साठेक किलोमीटर, त्यामुळे नागपूरची बातमी म्हणजे घरचीच बातमी. शेळी ही गरिबाची गाय, हे वाक्य आम्ही शाळेच्या निबंधात लिहायचो, पण आमच्याकडे ते अक्षरशः खरं आहे. ज्याच्याकडे धानाची एक बांधीसुद्धा नाही त्याच्या दारातही दोन बकऱ्या असतात. पोरीची फी, दवाखाना, लग्नातला आहेर, असं काही अडलं की एक बोकड बाजारात जातो. आणि बहुतेक घरांत तो सांभाळलेला असतो बाईने. म्हणून हा वाद नुसता "मांस खावं की नाही" या चालीवर सोडून द्यावासा मला वाटत नाही. गेले काही वीकेंड याच विषयावर वाचत बसलो होतो. त्याचा हा हिशोब.

आधी थोडं मागे जाऊ

भारताने जिवंत प्राण्यांची निर्यात बंद करण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. एक जुनं प्रकरण फार बोलकं आहे, आणि ते मेंढ्यांचं नाही, माकडांचं आहे.

१९५० च्या दशकात पोलिओच्या लसीसाठी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागायच्या. ही माकडं कुठून यायची? आपल्याकडून. उत्तर भारतातल्या गावांतून पकडून, पिंजऱ्यात कोंबून, विमानाने अमेरिका आणि युरोपला. त्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला लाखाच्या वर माकडं बाहेर जात होती. १९५५ च्या जानेवारीत लंडन विमानतळावर एका बंद गाडीत ३९४ माकडं गुदमरून मेली. आपल्याकडे संताप झाला, सरकारने निर्यात थांबवली, आणि मग काही अटींवर पुन्हा सुरू केली. अट काय, तर माकडं फक्त वैद्यकीय संशोधनासाठी आणि लसीसाठीच वापरायची.

पुढे १९७७ मध्ये उघड झालं की अमेरिकेत यातली काही माकडं लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली जात होती. म्हणजे करारभंगच. मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात कायमची बंद केली. नंतर अमेरिकेला माकडांची पैदास स्वतःच्या घरी वाढवावी लागली.

या गोष्टीत दोन धडे आहेत. एक, नुसत्या प्रवासातल्या मृत्यूंनी निर्यात कायमची बंद झाली नाही, ती झाली अट मोडल्यावर. दोन, ती बंद झाल्यावर ज्याचा धंदा बुडाला त्या माकडं पकडणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं, हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जहाजाचं गणित

आता मेंढ्या. जगात या वादाचं मुख्य मैदान म्हणजे ऑस्ट्रेलिया. १९८० च्या दशकात तिथून वर्षाला साठ-सत्तर लाख जिवंत मेंढ्या जहाजाने आखातात जायच्या. कारणं तीन: बकरी ईदच्या कुर्बानीला जिवंतच जनावर लागतं, तिथल्या लोकांना ताजं मांस आवडतं, आणि पूर्वी तिथे घरोघरी फ्रीज नव्हते. यातलं तिसरं कारण कधीच संपलं, दुसरं विरत चाललंय, पहिलं आहे तसंच आहे.

यात नेमका त्रास काय आहे, हे मला समजलं ते आपल्याच भाषेत, म्हणजे सर्व्हर रूमच्या भाषेत. एक मोठी मेंढी साधारण शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकते. ऑगस्ट २०१७ मध्ये 'अवासी एक्स्प्रेस' नावाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलहून निघालं तेव्हा त्यात जवळजवळ ६४ हजार मेंढ्या होत्या. करा गुणाकार. सहा मेगावॅटच्या वर! एखाद्या बऱ्यापैकी डेटा सेंटरचा लोड आहे हा. आणि कूलिंग काय? नुसते पंखे. एसी नाही. बाहेरची हवा आत ढकलायची, बस्स.

डेटा सेंटरमध्ये बाहेरची हवा थंड असेल तर पंख्यांवर काम भागतं. पण ऑगस्टमधलं पर्शियन आखात म्हणजे उकाडा आणि दमटपणा दोन्ही टोकाला. मेंढी धापा टाकून अंग थंड करते, म्हणजे फुप्फुसातून पाणी वाफ करून. हवाच दमट असेल तर वाफ होणार कशी? खाली शेणमुताचा चिखल, त्यातून अमोनिया. सर्व्हर गरम झाला तर निदान शटडाऊन होतो. मेंढीला तेवढीही सोय नाही. त्या खेपेत सुमारे २,४०० मेंढ्या मेल्या.

हे जगाला कळलं ते फैसल उल्ला नावाच्या पाकिस्तानी शिकाऊ अधिकाऱ्यामुळे. त्याने जहाजावर मोबाईलवर शूटिंग केलं आणि एप्रिल २०१८ मध्ये ते ऑस्ट्रेलियन टीव्हीवर दाखवलं गेलं. आपल्या नागपूरच्या प्रकरणाच्या जेमतेम अडीच महिने आधी.

त्याआधीही धक्के बसले होतेच. २००३ मध्ये 'कॉर्मो एक्स्प्रेस' जहाजावरच्या सुमारे ५७ हजार मेंढ्या सौदी अरेबियाने रोगाचं कारण देऊन नाकारल्या. जहाज बंदरं शोधत समुद्रात फिरत राहिलं. साडेपाच हजारांहून जास्त मेंढ्या मेल्यावर अखेर आफ्रिकेतल्या एरिट्रियाने उरलेल्या घेतल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'क्वीन हिंद' रोमानियाच्या किनाऱ्याजवळ कलंडलं, त्यात १४ हजारांवर मेंढ्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनला गाई घेऊन निघालेलं 'गल्फ लाइव्हस्टॉक १' वादळात बुडालं. जवळपास सहा हजार गाई गेल्या, आणि ४३ खलाशांपैकी फक्त दोघे वाचले.

शेवटी कायदे झाले. न्यूझीलंडने २०२३ मध्ये जिवंत जनावरांची समुद्रमार्गे निर्यात बंद केली. ब्रिटनने मे २०२४ मध्ये कायदा केला. आणि जुलै २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ठरवलं की १ मे २०२८ पासून तिथून जिवंत मेंढ्यांची समुद्रमार्गे निर्यात बंद. तोवर हा धंदा आपोआपच आटला होता. २०२२-२३ मध्ये आकडा साडेसहा लाखांच्या आसपास आला होता.

बारीक अक्षरं वाचा

आपण इंजिनिअर लोक. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट नीट वाचायची सवय आपल्याला (असायला हवी!). या तिन्ही कायद्यांत एक गंमत आहे.

ऑस्ट्रेलियाचा कायदा 'समुद्रमार्गे' म्हणतो. न्यूझीलंडचाही तसाच. म्हणजे विमानाने मेंढ्या पाठवायला हे कायदे आड येत नाहीत. ब्रिटनचा कायदा वेगळा. तो वाहन पाहत नाही, हेतू पाहतो. कत्तलीसाठी किंवा त्यासाठी पोसायला पाठवायचं असेल तर बंद, पैदाशीसाठी चालेल. ब्रिटनमध्ये विमानाचा मुद्दा जुना आहे. १९९५ च्या फेब्रुवारीत कॉव्हेंट्री विमानतळावर वासरांची निर्यात अडवताना जिल फिप्स नावाची ३१ वर्षांची बाई ट्रकखाली येऊन मेली. असं काही घडलं की समाज फक्त जहाजापुरता विचार करत नाही.

आता नागपूर या चौकटीत ठेवून बघा. नागपूर ते शारजा विमानाने साडेतीन-चार तास. ऑस्ट्रेलियाचा कायदा आपल्याकडे जसाच्या तसा आणला तरी ते विमान उडालं असतं. म्हणजे नागपुरातला विरोध आणि ऑस्ट्रेलियातला विरोध दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे होते. ऑस्ट्रेलियाने प्रवासातल्या हालांना विरोध केला. तिथे कत्तल बंद करायचा प्रश्नच नव्हता, उलट मेंढ्या देशातच कापा आणि मांस पाठवा असं सरकार सांगत होतं. नागपुरात मुख्य विरोध हत्येला होता. जैन विचारात तो प्रामाणिक आहे, हजारो वर्षांचा आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण मग प्रश्न असा की विमान रद्द झाल्यावर त्या मेंढ्यांचं काय झालं? त्या म्हातारपणी झाडाखाली बसून मेल्या का? नाही. त्या ट्रकमध्ये चढल्या.

आणि इथे मला खरी अडचण दिसते. आमच्या जिल्ह्यातून मुंबई-कोलकाता हायवे जातो. भंडारा, लाखनी, साकोली, सगळी गावं त्यावर. या रस्त्यावर जनावरांनी भरलेले ट्रक मी लहानपणापासून पाहतोय. मुंबईत देवनारला तर बकरी ईदच्या आधी लाखाहून जास्त बकरे येतात, त्यातले कितीतरी थेट राजस्थानातून. विमानातल्या जनावरांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, पेटी किती मोठी, हवा किती, किती जनावरं एकत्र. ट्रकसाठीही नियम आहेत. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आणि त्याखालचे १९७८ चे वाहतुकीचे नियम. डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे, जागा पाहिजे, चारा-पाणी पाहिजे. कागदावर उत्तम. पण मे महिन्यात विदर्भात पारा ४५ वर असताना दुमजली ट्रकमधल्या बकऱ्याला कोण पाणी पाजतंय?

म्हणजे मुद्दा प्रवासातल्या हालांचा असेल, तर चार तासांचं विमान कदाचित रात्रभराच्या ट्रकपेक्षा बरं ठरेल. आणि मुद्दा हत्येचा असेल, तर विमान अडवून एकही जीव वाचला नाही. दोन्हीकडून पाहिलं तरी नागपूरची लढाई चुकीच्या दारावर लढली गेली, असं माझं मत झालंय.

मग ज्याची मेंढी, त्याचं काय?

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात २७ लाखांच्या आसपास मेंढ्या आणि एक कोटीच्या वर शेळ्या होत्या. मेंढ्यांचा खरा पट्टा पश्चिम महाराष्ट्रात, अहमदनगर (आता अहिल्यानगर), सोलापूर, सांगली. आमच्याकडे मेंढ्या कमी, शेळ्या जास्त. तरी धान कापून झालं की कच्छ-काठेवाडातून आलेले मेंढपाळ विदर्भात दिसतात, उंटावर बिऱ्हाड लादलेलं आणि मागे शेकडो मेंढ्या. शेतकरी त्यांना मोकळ्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतात. रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. युरियाच्या पोत्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा व्यवहार आहे.

या लोकांवर दया नावाच्या गोष्टीचा कसा फटका बसतो ते जानेवारी २०२२ मध्ये दिसलं. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले. तक्रार अशी की ते कत्तलीसाठी हैदराबादला नेले जातायत. सोबतचे मेंढपाळ म्हणत होते की हे उंट आमच्या माणसांचे, आम्ही वर्षानुवर्षं विदर्भातच फिरतो. उंट गोरक्षणात ठेवले गेले, मेंढपाळ कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, आणि पुढे कोर्टाच्या आदेशाने उंट परत मिळाले. तोवर ज्यांचं घरच उंटाच्या पाठीवर असतं त्यांनी काय केलं असेल, विचार करा.

असंच मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेत झालं. सोमालियाच्या मेंढपाळांचं पोट बर्बेरा बंदरातून सौदीला जाणाऱ्या शेळ्यामेंढ्यांवर चालतं. २००० साली रिफ्ट व्हॅली तापाच्या साथीमुळे सौदीने आयात बंद केली, ती २००९ पर्यंत. सौदीला दुसरीकडून मांस मिळालं. सोमाली मेंढपाळाला दुसरं काहीच नव्हतं.

ऑस्ट्रेलियाने निदान इथे एक गोष्ट नीट केली. बंदी आणताना चार वर्षांची मुदत दिली आणि शेतकऱ्यांसाठी आधी १० कोटी ७० लाख, मग वाढवून जवळजवळ १४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बाजूला काढले. तरीही पश्चिम ऑस्ट्रेलियातले शेतकरी ट्रक घेऊन पर्थच्या रस्त्यावर उतरलेच. पण निदान त्यांचं नाव बजेटमध्ये होतं.

आपल्याकडे? नागपूरचं विमान थांबलं, बदल्यात काहीच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये गुजरात सरकारने कच्छच्या टुणा बंदरातून होणारी जनावरांची निर्यात थांबवली, व्यापारी हायकोर्टात गेले. इकडे नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून मात्र शेळ्यामेंढ्या आखातात गेल्याच. म्हणजे एकाच राज्यात एका विमानतळावर जीवदया आणि दुसऱ्यावर व्यापार!

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने पशुधन आयात-निर्यातीच्या नव्या विधेयकाचा मसुदा काढला. आजही लागू असलेला मूळ कायदा १८९८ चा, आणि तो फक्त आयातीबद्दल बोलतो. नव्या मसुद्यात निर्यात आली, आणि 'पशुधना'च्या व्याख्येत चक्क कुत्री-मांजरंही आली. ७ जूनला मसुदा, मत द्यायला दहा दिवस, देशभर गदारोळ, आणि २० जूनला मसुदा मागे. दोन आठवड्यांत विषय संपला. त्या दहा दिवसांत माणमधल्या किंवा लाखांदूरमधल्या एखाद्या मेंढपाळाने इंग्रजी पीडीएफ वाचून मत कळवलं असेल, असं कुणाला वाटतं का?

मी गावी फोनवर माझ्या मामीला विचारलं. तिच्याकडे सहा बकऱ्या आहेत. म्हटलं, मामी, तुझा बोकड विमानाने दुबईकडे पाठवायचा की नाही? ती हसली. म्हणाली, "विमानात गेला का ट्रकात गेला, आमाले का मालूम बाप्पा. व्यापारी दारातून नेते, तो देईन तो भाव." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण पाणी पाजून नेत जा म्हणावं."

सगळ्या चर्चेत हे दोन मुद्दे मला सर्वात कामाचे वाटले. भाव आणि पाणी.

माझं मत

फक्त प्रश्न विचारून पळून जाणं बरोबर नाही, म्हणून स्पष्टच लिहितो.

समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणं बंद व्हावं. सहा मेगावॅट उष्णता आणि नुसते पंखे, हे डिझाईनच चूक आहे, त्यात पॅच मारून भागत नाही. १८८२ मध्ये 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून पाचेक हजार गोठवलेली जनावरं घेऊन निघालं आणि तीनेक महिन्यांनी लंडनला माल चांगल्या स्थितीत पोहोचला. म्हणजे जिवंत जनावराला पर्याय जवळजवळ दीडशे वर्षं उपलब्ध आहे. आपल्याकडूनही शेळीमेंढीचं थंड केलेलं मांस आखातात जातंच. त्यात कातडं इथे राहतं, काम इथे राहतं.

पण हेही मान्य करायला हवं की या पर्यायाला कत्तलखाना लागतो. आणि आपल्या शहरात कत्तलखाना उभारायचा म्हटलं की विमान अडवणाऱ्यांपेक्षा जास्त लोक अडवायला येतील. मांस खाणारे सुद्धा! दोन्ही बंद ठेवायचं असेल तर मेंढपाळाला भाव कुठून मिळणार, याचं उत्तर अडवणाऱ्यानेही द्यायला हवं.

विमानाच्या बाबतीत मी अजून कुंपणावर आहे, पण एक अट घालीन. आधी हायवेवरचा ट्रक सुधारा. १९७८ चे नियम आहेत, ते पाळले जातात का ते बघा. जो देश नागपूर ते हैदराबाद जनावराला पाणी पाजू शकत नाही, त्याने शारजाच्या विमानात हवा किती आहे याची चर्चा कशाला करायची?

आणि जी काही बंदी आणाल, तिच्यासोबत पैसे आणा. राज्यात मेंढ्यांसाठी महामंडळ आहे, २० मेंढ्या आणि १ नर देणारी महामेष योजना आहे. म्हणजे मेंढी वाढवायला सरकार अनुदान देतं, आणि विकायची वेळ आली की विमान रद्द होतं. हे दोन विभाग एकदा एका मीटिंग रूममध्ये बसवायला हवेत.

दया फुकट नसते. आजवर तिचं बिल बहुतेक वेळा माझ्या मामीसारख्यांच्या नावावर फाटलंय. आपण पुण्या-बंगलोरात बसून ऑनलाईन याचिकेवर सही करतो तेव्हा आपला खर्च एका क्लिकचा असतो. सही जरूर करा, मीही करतो. फक्त त्या याचिकेत मेंढपाळाच्या भरपाईची एक ओळ आहे का, तेवढं आधी बघा. नसेल तर लिहून कळवा की ती घाला.